अर्ध्यावर टाकलेलं अक्षर

१

व्हालफ्रॉयच्या मठात घंटा झाली की हातातलं काम होतं तिथे टाकायचं. फावडं मातीत गेलेलं असेल तर मातीतच ठेवायचं, शेंगा सोलत असाल तर अर्धी शेंग टोपलीत टाकायची, आणि लिहिणाऱ्याने अक्षर अर्धं झालं असेल तर अर्धंच सोडून उठायचं. गोल काढत असलात तर अर्धा गोल. नव्या माणसाला हे फार जड जातं, हात नुसता शिवशिवतो. पण देवाने हाक मारल्यावर 'आलोच, एवढं संपवतो' म्हणणारा माणूस इथे आलाच कशाला, असं मठाधिपती गोंत्रान विचारायचे, आणि त्यांनी विचारल्यावर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

तेसलांला हे अर्धं सोडणं कधीच जड गेलं नव्हतं. लेखनघरातला तो सगळ्यात जुना माणूस. खिडकीजवळचं उतरतं मेज त्याचं. उजव्या हातात पीस, डाव्या हातात चाकू. चाकू सगळ्याच लिहिणाऱ्यांच्या डाव्या हातात असतो. मेंढीचं कातडं थंडीत कडेने वर उठतं, ते चाकूच्या टोकाने दाबून धरायचं, आणि चुकलं तर त्याच चाकूने अक्षर खरवडून काढायचं. इतक्या वर्षांनी डावा हात काय करतोय इकडे कोणाचं लक्षही जात नाही.

त्या हिवाळ्यात तो एक भाष्य उतरवत होता. आपलं शहर उद्ध्वस्त झालं म्हणून रडणारा जो पवित्र शास्त्रातला संदेष्टा, त्याच्या विलापाचा कोण्या जुन्या मठाधिपतीने ओळीओळीने अर्थ लावलेला. मधोमध मूळ वचन मोठ्या अक्षरांत, आणि भोवती चारी बाजूंनी बारीक अक्षरांत अर्थ. उतरवून घ्यायची प्रत दुसऱ्या मठातून मागून आणलेली होती. ईस्टरला ती परत जायची होती.

दुपारच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा तो एक गोल काढत होता. डावी बाजू झाली होती, उजवी राहिली होती. त्याने पीस ठेवलं, टोपी मागे सारली आणि उठला.

परत आला तेव्हा गोल पुरा झालेला होता.

त्याने वाकून पाहिलं. शाई ओली होती. त्या थंडीत शाई उशिरा वाळते, हे खरं. पण एवढ्या उशिरा? मग त्याने स्वतःला समजावलं की आपणच काढला असेल. हाताला सवय असते, घंटा कानावर पडायच्या आत हात फिरला असेल. म्हातारा झालास तेसलां, तो मनात म्हणाला. आणि पुढचं अक्षर लिहायला बसला. फक्त त्या गोलाकडे पुन्हा बघायला त्याचं मन घेईना.

२

आता तेसलांच्या जिवाला कसला घोर होता ते सांगायला हवं.

मिलो त्याचा सख्खा धाकटा भाऊ. मिलोला जन्म देताना आई गेली आणि त्याला वाढवलं ते तेसलांनेच. बकरीचं दूध पाजलं, पाठीवर घेऊन मेंढ्या राखल्या. हिवाळ्यात चुलीपुढची राख सारखी करून काडीने त्याला अक्षरं शिकवली. पुढे तेसलां मठात आला, तर हा पोरगाही मिसरूड फुटायच्या आत मागोमाग दारात हजर. "दादा, तू इथे आणि मी तिकडे काय करू?" एवढंच म्हणाला होता.

तो मिलो पहिल्या हिमात रक्त ओकला. आजाऱ्यांच्या खोलीचं सगळं बघणारा म्हातारा ओजे याने त्याच्या छातीला कान लावला आणि तेसलांला बाहेर ओवरीत नेलं. तिथे बोलायची मुभा होती.

"नाताळ बघत नाही हा," ओजे म्हणाला. "तुला खोटं सांगून काय मिळवू?"

तेसलां तडक देवळात गेला आणि देवमातेपुढे पालथा पडला. तिथे तो जे बोलला ते त्याने नंतर फक्त ओजेला सांगितलं. "मी लिहितोय ते पुस्तक पुरं होईपर्यंत ह्याला नेऊ नकोस. पुरं झालं की मी काही मागणार नाही."

ओजेचे सुरकुतलेले गाल हलले. "देवमातेशी घासाघीस! बाजारात मासे घेतोयस काय रे? असू दे. आता एक कर. सावकाश लिही."

तो थट्टेत बोलला होता. तेसलांने ते शब्द गाठीला बांधले.

नाताळ आला आणि गेला. मिलो होता. इतकंच नाही, तर तो उठून बसून मांसाचा रस्सा प्यायला, जो आम्हा धडधाकटांच्या वाट्याला कधी येत नाही, आणि वर ओजेला म्हणाला, "मीठ कमी आहे." ओजेला इतका आनंद झाला की त्याने त्याला शिवी दिली.

आणि तेसलां लेखनघरात एकेका ओळीवर दिवस काढू लागला. पीस तासायचं, पुन्हा तासायचं. शाई घोटत बसायचं. शेजारच्या मेजावरचा रेन्ये मोठा मिस्कील. लेखनघरात बोलायला बंदी, सगळं बोटांच्या खुणांनी चालतं. तर त्याने मनगटावर दोन बोटं शिंगांसारखी उभी करून हात मेजावरून सरपटवला. गोगलगाय. तेसलांने हसून मान हलवली. गोगलगाय तर गोगलगाय.

३

गोलानंतर शब्द पुरे व्हायला लागले.

घंटेला तो शब्दाच्या मध्यात उठे, आणि येऊन पाहावं तर शब्द झालेला. मग एकदा अख्खी ओळ. त्याने रेन्येला खुणेने बोलावून घेतलं. जिन्याखाली एक अडचणीची खोली आहे, कामापुरतं बोलायचं असलं तर तिथे जायचं. तिथे त्याला धरला.

"माझ्या पानाला हात लावू नकोस. चेष्टा पुरे झाली."

"मी?" रेन्येने स्वतःची बोटं त्याच्या नाकापुढे नाचवली. थंडीने फुटलेली, सुजलेली. "ह्या गाजरांनी मला माझं लिहवत नाही, तुझं कुठून लिहू? आणि देवळात मी तुझ्या शेजारीच उभा असतो. जांभया देतो त्या तुला ऐकू येत नाहीत होय?"

ते खरं होतं. रेन्ये जांभया द्यायचाच.

"मग कोण?"

"तूच. झोपेत चालणारी माणसं असतात, तू झोपेत लिहिणारा." मग त्याचा चेहरा जरा बदलला. "एक विचारू? काल तू खरवडत का होतास?"

"मी लिहीत होतो."

"लिहीत होतास. आणि मागचं खरवडतही होतास. मी खूण केली तुला, तू बघितलंसुद्धा नाहीस."

तेसलांला ते मुळीच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सभेत, जिथे प्रत्येकाने आपले दोष सगळ्यांपुढे सांगायचे असतात, तो जमिनीवर आडवा झाला आणि म्हणाला की घंटा झाल्यावरही मी अक्षर पुरं केलं. केलं नव्हतं. पण दुसरं काय सांगणार? गोंत्रानबाबांनी त्याला एक दिवस कोरडी भाकरी आणि पाणी फर्मावलं. मग बाहेर पडताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पान बघितलं तुझं. मध्यंतरी फार रेंगाळला होतास. आता बरा वेग आला. ईस्टरच्या आधी होईल बघ."

ते कौतुक ऐकून तेसलां तडक मेजाशी गेला आणि उरलेली पानं मोजू लागला.

४

त्या दिवशी त्याने धीर करून ती अक्षरं नीट बघितली.

त्याचा स्वतःचा गोल सरळ असतो, भरघोस, अंड्यासारखा. हे गोल आखूड होते आणि डावीकडे कललेले. सगळेच्या सगळे. जसा एखादा पोर काडी मुठीत धरून राखेत काढतो तसे.

त्याने कितीदा तो हात धरून सरळ केला होता! "असा नाही रे, असा. हा बघ पडतोय तुझा गोल." आणि तो पोर खिदळायचा. "पडू दे, दादा. दमला असेल."

तेसलां उठला. घंटा झाली नव्हती, कोणाची आज्ञा नव्हती, तरी उठला आणि अंगण ओलांडून आजाऱ्यांच्या खोलीत गेला. मिलो झोपलेला होता. पाय लोकरीच्या पट्ट्यांत गुंडाळलेले. पट्टीवरची ओजेची गाठ तशीच होती.

"हा उठला होता का?" तेसलांने विचारलं.

"उठला होता?" ओजे म्हणाला. "अरे, कूस बदलायला मी लागतो त्याला. उठतोय कुठला!"

तेसलांने पांघरुणाखालून मिलोचा उजवा हात काढला. मधल्या बोटाच्या पेराला, पीस टेकतं तिथे, काळा डाग होता.

"दिव्याचं काजळ असेल," ओजे म्हणाला.

तेसलांने थुंकी लावून तो डाग घासला. शाई कशी निघते ते त्याला ठाऊक होतं. निघत नाही. आठवडाभर राहते. हाही राहिला. झोपेतच मिलोचं बोट त्याच्या तळहातावर हळूच हललं. आधी एक बाजू, मग दुसरी. गोल.

५

माणूस जायला आला की आमच्याकडे ओवरीतली लाकडी फळी हातोड्याने बडवतात. घंटेचा नाद लांबत जातो. फळीचा नाही. ती सुकी, ठक ठक ठक, कोणी दार ठोठावावं तशी. ती ऐकली की असेल तिथून सगळ्यांनी धावत सुटायचं. चालायचं नाही, धावायचं. एरवी धावणं हा दोष, फक्त तेव्हा नाही. जमिनीवर राखेचा क्रूस काढून त्यावर गोणपाट टाकलेलं असतं, त्यावर जाणाऱ्याला निजवतात, आणि भोवती सगळे मोठ्याने श्रद्धेचा मंत्र म्हणतात.

ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस लागायच्या सुमारास फळी वाजली. भर सकाळी, स्वच्छ उन्हात. तेसलांची शेवटची पाच-सहा पानंच उरली होती. पीस टाकून तो धावला.

मिलो राखेवर होता. ओठ निळे, डोळे वर गेलेले. मंत्र एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. तेसलां मनात दुसरंच ओरडत होता. पुस्तक झालं नाही. ऐक, पुस्तक अजून झालं नाही. तिसऱ्यांदा मंत्र चालू असताना मिलोने श्वास घेतला. सगळे थबकले. ओजेने त्याला उचलून पुन्हा खाटेवर ठेवलं. परतताना कोणी कोणाकडे बघेना.

तेसलां सगळ्यांच्या पुढे निघाला. लेखनघराचं दार उघडंच होतं आणि आतून पिसाचा आवाज येत होता. कातड्यावरची ती बारीक कुरकुर त्याच्या आयुष्यभराच्या ओळखीची. तो दाराशी थांबला.

त्याच्या मेजावर कोणीतरी बसलेलं होतं, पाठमोरं. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे फक्त आकार दिसत होता, खांदे पुढे आलेले, मान एका बाजूला. पण बाकाखाली पाय उन्हात होते. अनवाणी. आणि तळव्यांना राख लागलेली होती.

मागून रेन्ये आला, त्याचा धक्का लागला. तेसलांने डोळे मिटले, उघडले. बाक रिकामा होता. पण पानांवर पानं भरलेली होती, आखूड, डावीकडे कललेल्या अक्षरांनी, अगदी शेवटच्या पानाच्या मध्यापर्यंत. शेवटचं वाक्य असं होतं: जी आई मेलेलं लेकरू मांडीवरून उतरू देत नाही, ती त्या लेकराला ऊब देत नाही, फक्त

तिथे थांबलं होतं.

तेसलांने चाकू उचलला.

६

तो खरवडत राहिला. दिवसच्या दिवस. पान उघडायचं, ती कललेली अक्षरं धारेने तासायची, पांढरा भुसा फुंकायचा. घंटेला उठावं, येऊन पाहावं तर पुन्हा भरलेली. पुन्हा तासायची. जेवताना वाटाण्याची वाटी पुढे असायची आणि त्याचा डावा हात मेजाची कड खरवडत असायचा. रेन्येने खुणा करणं सोडून दिलं होतं. त्याने आपलं मेज भिंतीकडे सरकवून घेतलं.

आणि फळी वाजत होती. आठवड्यातून एकदा, मग दर दोन दिवसांनी, मग रोज. दर वेळी सगळे धावायचे, मिलोला राखेवर घ्यायचे, मंत्र म्हणायचे. तो जायचा नाही. सुरुवातीला लोकांना ही कृपा वाटली. मग ते धावेनासे झाले, नुसते भराभर चालू लागले. स्वयंपाकघरातला एक जण जिन्यात पुटपुटला, "जा तरी, नाहीतर रहा तरी." तेसलांने ते ऐकलं आणि त्याच्या अंगावर धावून गेला. त्याला दोघांनी धरला.

ओजेने एके दिवशी त्याला बोलावून घेतलं. म्हातारा पार वाळला होता.

"तुला काही दाखवायचंय," तो म्हणाला. "मी ह्या खोलीत जन्म काढला. अंथरुणात पडून कातडी जाते, ते मला ठाऊक आहे. पण हे बघ."

त्याने मिलोला कुशीवर केलं. पाठीवरची कातडी सोललेली होती. एकीखाली एक अशा पट्ट्या होत्या, सारख्या रुंदीच्या, सारख्या अंतरावर, दोन्ही कडांना नीट समास सोडून.

तेसलांची नजर एका पट्टीवरून डावीकडून उजवीकडे गेली, ओळ वाचावी तशी.

"आणि नाडी नाही," ओजे कुजबुजला. "गेल्या रविवारपासून नाही. ओठांपुढे थंडगार चमचा धरतो मी, त्यावर वाफ येत नाही. अंग गार आहे. पण डोळे फिरतात, तेसलां. माझ्या मागे मागे फिरतात. मी काय करू सांग ना! ह्याला पुरता येत नाही आणि ह्याला भरवता येत नाही."

तेसलां पाठ फिरवून पळाला. हो, पळालाच. उगाच कशाला झाकायचं? त्याला सगळं कळलं होतं, आणि तरी तो लेखनघरात आला आणि त्याने चाकू घेतला. मिलो नसलेलं जग त्याला नको होतं, एवढं साधं होतं ते. डोळे फिरतात ना? मग आहे तो. आहे.

७

शेवटच्या पानाची शेवटची ओळ तो खरवडत होता तेव्हा फळी वाजली. अर्धी ओळ निघाली होती, अर्धी राहिली होती. नियमाप्रमाणे त्याने हात थांबवला आणि उठला.

ह्या वेळी आजाऱ्यांच्या खोलीत कोणीच आलं नव्हतं. फक्त ओजे, हातात हातोडा. मिलो राखेवर होता. तेसलां त्याच्या बाजूला राखेतच बसला.

मिलोचे ओठ हलले. आवाज श्वासाशिवायच आला, कोरडा, पान उलटल्यासारखा.

"दादा."

"बोल रे."

"मी लिहितो, तू पुसतोस."

तेसलां रडायला लागला.

"दुखतं, दादा. तू पुसतोस ना, ते दुखतं."

"मला ठाऊक नव्हतं," तेसलां म्हणाला, आणि मग, कारण त्या डोळ्यांपुढे खोटं टिकेना, "ठाऊक होतं. मिलो, माझ्याने होईना. तू इतकासा होतास, पाठीवर मावायचास. तुला खाली ठेवायचं मला जमतच नाही रे."

"दमलोय मी. आता उठवत नाही मेजापर्यंत." त्याचं काळं बोट राखेत हललं. अर्धा गोल काढला आणि थांबलं. "तू लिहिशील? तुझं अक्षर सरळ आहे."

तेसलांने तो हात धरला. मग लहानपणी धरायचा तसा पंज्यावरून पंजा ठेवला आणि राखेतला गोल पुरा केला. "लिहितो. आजच संपवतो. शप्पथ. तू आता काही करू नकोस, तू नुसता पड. मी गेलो आणि आलो."

मिलोच्या चेहऱ्यावर काहीतरी निवलं. ओजेने तोंडावर हात धरला आणि भिंतीकडे वळला. तेसलां निघाला तेव्हा उन्हं अजून अंगणात होती, विहिरीवर कोणी बादली सोडत होतं, आणि कित्येक महिन्यांनंतर प्रथमच त्याला छातीत मोकळा श्वास घेता आला. त्याने ठरवलं होतं. एकच ओळ तर होती.

८

पान पांढरंफटक होतं.

अर्धी सोडलेली ओळ पुरी निघाली होती. तिच्यावरचीही. आधीचं पान उलटलं, तेही कोरं. त्याच्या आधीचंही. वचन नाही, अर्थ नाही, फक्त खरवडून लवदार झालेलं कातडं आणि मेजावर भुशाचा ढीग. दोन्ही हातांची अक्षरं गेली होती, मिलोची कललेली आणि त्याची स्वतःची, नाताळाच्या आधीची, सरळ.

लेखनघरात रेन्येशिवाय कोणी नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याने मागे बघितलं नाही.

ठीक आहे, तेसलां मनात म्हणाला. ठीक आहे, पुन्हा लिहू. आत्ता लिहू. त्याने मूळ प्रत जवळ ओढली, पीस बुडवलं आणि सुरुवात केली. कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं इतक्या वेगाने तो लिहीत सुटला. 'शहर एकटं बसलं आहे' या पहिल्याच वचनापासून. त्याचा अर्थ. त्या अर्थाचा अर्थ. एक ओळ, दोन ओळी. हात दुखेना, थंडी वाजेना. होईल, रात्र पडायच्या आत होईल, नाहीतर उद्या होईल, पण होईल. मिलो, होतंय रे.

तिसऱ्या ओळीशी त्याला आवाज ऐकू आला. खर्र. खर्र. अगदी जवळून.

त्याने खाली बघितलं.

त्याचा डावा हात चाकूने ओळीवरून फिरत होता. शांतपणे, सवयीने, पिसाच्या मागे मागे. उजवा हात अक्षर काढत होता आणि डावा ते उचलत होता. पहिली ओळ गेली होती. दुसरी जात होती.

त्याने हात थांबवायला सांगितलं. हात थांबला नाही. उजव्या हाताने त्याने चाकू हिसकावून खिडकीबाहेर भिरकावला, पुन्हा पीस धरलं. डावा हात क्षणभर उताणा पडून राहिला. मग उलटला आणि नखांनी खरवडू लागला.

"रेन्ये!" तेसलां ओरडला. त्या खोलीत माणसाचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता. "इकडे ये! हात धर माझा! नाहीतर तू लिही, हे घे, तू लिही, पाया पडतो तुझ्या!"

रेन्ये वळला. त्याची नजर त्या हातावर गेली. त्याने क्रूसाची खूण केली आणि पाठ भिंतीला घासत दाराबाहेर निघून गेला.

तेसलां हातावर बसला. लिहिलं. हात त्याच्याखालून बाकाचं लाकूड खरवडत होता, आणि पानावरची अक्षरं तरीही पहिल्यासारखीच खरवडून निघत होती. कललेली अक्षरं येतील म्हणून त्याने वाट बघितली. मिलो, एक तरी काढ. एक गोल. एकही आला नाही. त्यानेच सांगितलं होतं ना पोराला, तू आता काही करू नकोस म्हणून.

ओवरीत फळी वाजू लागली. ठक ठक ठक. तेसलांचे पाय नियमाने उठू लागले. जन्मात पहिल्यांदाच तो बसून राहिला. आता लिहिणं अर्धं टाकायचं नव्हतं.

थोड्या वेळाने फळी थांबली. दारात ओजे येऊन उभा राहिला, हातोडा अजून हातातच. त्याला वाचता येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की तेसलां मान खाली घालून भराभर लिहितोय. त्याचा चेहरा उजळला.

"तो विचारतोय," ओजे म्हणाला. "झालं का म्हणून. सारखं तेच विचारतोय. सोडायला तयार झालाय रे बिचारा, डोळे मिटून पडलाय. काय सांगू त्याला?"

तेसलांने वर बघितलं नाही. पिसाची कुरकुर चालू होती आणि तिच्या पाठोपाठ नखांची.

"सांग त्याला," तो म्हणाला, "होतच आलंय."